थोडी कळ काढ : प्रसूतिवेदनेची भाषा आणि पाठीतली सुई

तीन वर्षांपूर्वी एका पहाटे, चारच्या सुमारास, पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात माझ्या मुलीने माझे मनगट घट्ट धरले आणि ती म्हणाली, "आई, आता नाही गं सहन होत. ते पाठीतलं इंजेक्शन द्यायला सांग त्यांना." मी म्हणाले, "थोडी कळ काढ."

हे वाक्य मी विचार करून बोलले नव्हते. ते आपोआप तोंडात आले. १९९५ साली, तालुक्याच्या गावी, हीच मुलगी जन्मताना माझ्या आईने ते मला म्हटले होते आणि तिला बहुधा तिच्या आईने. मुलीने माझ्याकडे एकदा पाहिले, मनगट सोडले आणि नर्सला स्वतःच सांगितले. पुढे काय झाले ते शेवटी सांगते. आधी त्या वाक्याचे बघू, कारण तेव्हापासून मी त्याच्याच मागे आहे.

मी डॉक्टर नाही आणि भाषाशास्त्राची पदवीही माझ्याजवळ नाही. सव्वीस वर्षे मुद्रितशोधन केले. त्यात कवितासंग्रह होते, परिचारिकांच्या अभ्यासक्रमाची पुस्तके होती, सहकारी बँकांचे अहवालही होते. या कामाने एक खोड लावली : अर्थाच्या आधी शब्द दिसतो. बाकी जे वाचले ते ग्रंथालयांत बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन.

मराठीत दुखण्याला शब्दांची ददात नाही. दाढ ठणकते, गळू ठसठसते, पाठीत उसण भरते, पोटरीत गोळे येतात, खरचटलेले चुरचुरते, भाजल्याची आग होते. प्रत्येक शब्दाला त्याची जागा आहे आणि त्याची चालही आहे. बाळंतपणाच्या वाट्याला मुख्यतः दोन आले, वेणा आणि कळा. वेणा हे वेदनेचेच वापरून गुळगुळीत झालेले रूप. वेदना कुणालाही, कशाचीही होते. वेणा येतात त्या प्रसूत होणारीलाच.

कळ अधिक गुंत्याची. ती येते, चढते, उतरते, जाते आणि पुन्हा येते. गर्भाशयाच्या आकुंचनाची पाठ्यपुस्तकातली व्याख्या मी तपासलेली आहे. तिच्यापेक्षा हा एक शब्द नेमका आहे. शिवाय कळा जशा येतात तशा त्या देताही येतात. सुईण म्हणते, "कळ दे." तिथे कळ म्हणजे जोर. इथपर्यंत भाषा बाईच्या बाजूने आहे. पण मग तिसरा वापर येतो : कळ सोसणे, कळ काढणे. रेशनच्या रांगेतल्या माणसाला, पगार रखडलेल्या नोकराला आपण 'थोडी कळ काढा' म्हणतो. म्हणजे दुखण्याचे जे नाव, तेच धीराचेही नाव होऊन बसले. कळ थांबवा असे म्हणणारी बाई त्याच श्वासात अधीर ठरते. तिचे म्हणणे ऐकण्याआधी शब्दाने निकाल दिलेला असतो. (कळ काढणे म्हणजे खोडी काढून भांडण उकरणे असाही एक अर्थ आहे. त्या पहाटे मुलीने माझे वाक्य त्या अर्थाने घेतले असते, तरी मला बोलायला जागा नव्हती.)

या घराण्यातली आणखी एक बाई म्हणजे कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती. कळा लावणारी ती कळलावी, अशी तिच्या नावाची फोड सांगतात. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून तिच्या कंदाचा लेप अंगाला लावत आणि मूल बाहेर आले की घाईने पुसून टाकत. कंद जहाल विषारी, म्हणून घाई. मला ही वेल महत्त्वाची वाटते, कारण 'पूर्वी सगळे निसर्गावर सोडलेले असे' हे वाक्य ती खोटे पाडते. बाळंतपणात हात न घालण्याचे सोवळे आपल्याकडे कधी नव्हते. हात घातला जाई तो कळा वाढवायला. आजही सलाइनमधून कळा वाढवणारे औषध सोडताना घरात कुणी चर्चा करीत नाही. कळा कमी करायचे म्हटले की सासर-माहेर दोन्ही जमते.

या शब्दांचे दुसरे घर म्हणजे आपले वाङ्मयीन लेखन. 'सर्जनाच्या वेणा', 'निर्मितीच्या कळा', 'प्रसववेदना' हे प्रयोग प्रस्तावनांतून, मनोगतांतून, सत्काराच्या भाषणांतून माझ्या लाल पेनाखालून किती वेळा गेले त्याची गणती नाही. व्याकरणाची चूक नसे, त्यामुळे मला काही करता येत नसे. कवीला वेणा झाल्या तर कविता खरी. सहज झाली तर तिच्या कुळाबद्दल संशय. रूपक जुने आहे आणि एकट्या मराठीचे नाही. माझी तक्रार त्याच्या शरीरशास्त्राबद्दल आहे. मूल कळांनी घडत नाही. ते घडते नऊ महिने, गुपचूप. बोटे कधी सुटी झाली, पापण्या कधी आल्या, आईला पत्ताही लागत नाही. कळा असतात त्या गर्भाशयाचे तोंड दहा सेंटिमीटर उघडण्याच्या. म्हणजे त्या दाराच्या कळा आहेत. रूपक शरीराशी इमान राखून वापरायचे तर कवीच्या वेणा म्हणजे प्रकाशक मिळवण्याची खटपट.

रूपक निरुपद्रवी असते तर मी सोडून दिले असते. पण वेदना हे निर्मितीचे मोल आहे हा हिशेब त्याने इतका पवित्र करून ठेवला की वेदना कमी करून मागणे म्हणजे दाम न देता माल उचलण्यासारखे झाले. 'कळा न सोसता आई झाली,' हे वाक्य मी एका बारशाला, चांगल्या शिकलेल्या बाईच्या तोंडून ऐकलेले आहे.

एका शब्दाच्या अर्थावरून बाळंतिणीच्या वेदनेचा वाद घालणारी मी पहिली नव्हे, हे वाचताना कळले. तो मान एडिंबरोचा प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापक जेम्स यंग सिम्प्सन याचा. जानेवारी १८४७ मध्ये त्याने प्रसूतीत ईथर वापरले आणि नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म. डिसेंबरात धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका छापूनही झाली. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात ईव्हला शाप आहे की ती दुःखाने मुले प्रसवेल. सिम्प्सनने मूळ हिब्रू शब्द काढला आणि त्याचा अर्थ वेदना असा नसून कष्ट, श्रम असा आहे असे मांडले. आदमच्या वाट्याला आलेल्या शेतीच्या कष्टांसाठीही त्याच कुळातला शब्द आहे. ईव्हचा शाप अक्षरशः पाळायचा तर आदमचाही पाळा आणि शेतात बैल व नांगर वापरणे सोडा. शिवाय आदमची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणलीच होती.

वाचायला ही पुस्तिका झकास आहे. पण ए. डी. फार या अभ्यासकाने १९८३ साली त्या काळचे लिखाण तपासून दाखवले की धर्माचा विरोध फार थोडा होता. सिम्प्सनने जे आक्षेप खोडले ते बरेचसे त्यानेच गृहीत धरलेले. मला वाटते, धर्माशी भांडणे त्याला सोपे होते. अवघड होते ते समव्यावसायिकांशी. फिलाडेल्फियाचा चार्ल्स मेग्ज म्हणत होता की प्रसूतीची वेदना स्वाभाविक आहे, तिचा उपयोग आहे, तिला हात लावू नये. हाच मेग्ज बाळंतज्वर डॉक्टरांच्या हातांनी पसरतो हे मानायला तयार नव्हता, म्हणून इतिहासाने त्याला निकालात काढले. तरी त्याचा एक मुद्दा मला बाजूला काढून ठेवावासा वाटतो. चिमटा लावताना तो कुठे लागतो आहे हे बाईच्या बोलण्यावरून समजते. तिला बेशुद्ध केले तर ती वाट बंद होते, असे तो म्हणे. वेदनेच्या मोलाबद्दल तो चुकला, बाईच्या बोलण्याच्या मोलाबद्दल नव्हे.

त्याच फिलाडेल्फियात, दुसऱ्या कॉलेजात, १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींनी आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून पदवी घेतली. चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांचे मूल गमावलेली बाई या विषयावर लिहीत होती. पुढच्याच फेब्रुवारीत त्या गेल्या, वय एकवीस. प्रसूतीचे शास्त्र आणि तिचा अनुभव एकाच माणसाजवळ असण्याचा आपला तो योग तिथेच संपला.

क्लोरोफॉर्मला प्रतिष्ठा मिळाली ती व्हिक्टोरिया राणीमुळे. १८५३ च्या एप्रिलात लिओपोल्डच्या जन्मावेळी जॉन स्नोने, कॉलऱ्याचा माग काढणाऱ्या त्याच स्नोने, तिला रुमालावर थेंब टाकून क्लोरोफॉर्म दिला. ही गोष्ट सगळे सांगतात. मला जास्त बोलके वाटते ते पुढचे प्रकरण.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रायबुर्गला क्रोनिग आणि गाउस या डॉक्टरांनी मॉर्फिन आणि स्कोपोलामिन देऊन 'संधिप्रकाशाची झोप' आणली. तिच्यात बाई ओरडे, तळमळे, कळा देई. पण नंतर तिला काही आठवत नसे. मात्रा ठरवायला तिला एखादी वस्तू दाखवत आणि थोड्या वेळाने विचारत, ही पूर्वी पाहिली होती का? नाही म्हणाली की औषध लागू पडले. १९१४ च्या सुमारास अमेरिकेतल्या बायकांनी ही झोप मिळावी म्हणून संघटना काढली, सभा घेतल्या. त्यांना मी दोष देत नाही. पर्याय काय होते ते मला माहीत आहे. पण झाले असे की दुखणे तसेच राहिले आणि दुखण्याची साक्षीदार तेवढी काढून टाकली गेली. पुढे अनेक ठिकाणी या बायकांना पट्ट्यांनी पलंगाला बांधत. त्याची तक्रार कोण करणार? आठवत कुणालाच नव्हते.

याची प्रतिक्रिया म्हणून ग्रँटली डिक-रीड वाचला जातो. या इंग्रज डॉक्टरने १९३३ साली नैसर्गिक प्रसूतीवर पुस्तक लिहिले. लंडनच्या गरीब वस्तीतली एक बाई क्लोरोफॉर्म नाकारते आणि आपल्याला दुखलेच नाही असे म्हणते, हा त्याचा मूळ प्रसंग. त्यावरून त्याने साखळी बांधली : भीतीने शरीर आखडते, आखडल्याने दुखते. बाईला कळांत एकटे सोडू नका, हे त्याने बजावून सांगितले आणि त्याबद्दल त्याचे ऋण मानायला हवे. १९९५ साली मी एकटी होते. आई दाराबाहेर आणि आत एक मावशी, जिने मला सुनावलेले वाक्य छापण्याजोगे नाही. बहुतेक बायकांना ते ठाऊक आहे. पण डिक-रीडचे पुस्तक पुढे वाचत गेले की पाय अडखळतो. मातृत्व हेच बाईचे सार्थक, रानटी समाजातल्या बायका सहज बाळंत होतात, सुधारलेल्या बायकांनी भीती शिकून घेतली, ही सगळी विधाने एका पुरुषाची, दुसऱ्यांच्या शरीरांवरून केलेली. दुखले तर तू घाबरलीस म्हणून दुखले. आपल्या 'कळ काढ'चे हे इंग्रजी भावंड.

माँट्रियलच्या रोनाल्ड मेल्झॅकने १९७५ मध्ये दुखणे मोजायची एक प्रश्नावली केली, ती माझ्या धंद्याला शोभणारी आहे : अठ्ठ्याहत्तर विशेषणे, वीस गटांत. दुखणाऱ्याने त्यांतून आपले शब्द निवडायचे, त्यावरून अंक काढायचा. ही प्रश्नावली त्याने बाळंतिणींपुढे ठेवली. पहिलटकरणींचे अंक फार वर गेले. प्रसूतीची रीतसर शिकवणी घेतलेल्यांचे थोडे उतरले, पण दुखणे राहिलेच. डिक-रीडला यापेक्षा सभ्य उत्तर देता आले नसते; आणि ते बायकांच्या शब्दांतून आलेले होते.

आता सुईकडे येते. पाठीच्या कण्यातून भूल देण्याची सुरुवात १८९८ साली कील येथे ऑगस्ट बिअरने केली. त्याने आणि त्याच्या सहायकाने स्वतःवर प्रयोग ठरवला. बिअरच्या पाठीतून पाणी गळून गेले. सहायकाला भूल चढली, तेव्हा बिअरने त्याच्या नडगीवर हातोडी मारून पाहिली. दोघांचीही डोकी नंतर सपाटून दुखली. ती भूल मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात जाणारी होती. त्या पाण्याच्या पिशवीच्या बाहेर, पिशवीला धक्का न लावता औषध सोडायचे, ही एपिड्युरलची कल्पना. कमरेच्या भागातून ती देण्याची पद्धत फिडेल पाजेस या स्पॅनिश लष्करी सर्जनने १९२१ मध्ये मांडली; लिहिले स्पॅनिशमध्ये, म्हणून फारसे कुणी वाचले नाही. दोन वर्षांनी तो मोटार अपघातात गेला. पुढे १९३१ मध्ये इटलीच्या डोल्योत्तीने तीच वाट स्वतंत्रपणे शोधली आणि श्रेय बराच काळ त्याच्याकडे राहिले. छोट्या भाषेत लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, असे म्हणणार होते. पण स्पॅनिशला छोटी म्हणायचे तर मराठीला काय म्हणावे? १९४७ मध्ये हवानाला मार्टिनेझ कुर्बेलोने टोकाशी किंचित वळलेल्या टुओही सुईतून बारीक नळी आत सरकवून ठेवली, आणि औषध पुन्हा पुन्हा देता येऊ लागले. प्रसूती तासन्‌तास चालते. नळीशिवाय या सुईचा तिथे फारसा उपयोग नव्हता.

कृती अशी. बाई पलंगाच्या कडेला बसते, हनुवटी छातीला, पाठीची कमान. किंवा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. भूलतज्ज्ञ दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांचे कंगोरे चाचपते. त्यांना जोडणारी रेघ चौथ्या कटिमणक्याच्या आसपास जाते. मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपलेला असतो, म्हणून जागा ती. कातडी बधिर करून सुई दोन मणक्यांमधून शिरते : चरबी, मग चिवट बंध, मग पिवळ्या रंगाचा एक घट्ट बंध. सुईला सलाइन भरलेली सिरिंज लावलेली असते आणि तिच्या दट्ट्यावर अंगठा. बंधात असेपर्यंत दट्ट्या हटत नाही. सुई मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे जाते आणि एका क्षणी अंगठ्याखालचा अडसर एकदम नाहीसा होतो, दट्ट्या सर्रकन आत जातो. कातडीपासून बहुधा चार ते सहा सेंटिमीटरांवर. पुढे जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची जागा आणि तिच्यापलीकडे ती पाण्याची पिशवी. इंग्रजी पुस्तकांत या क्षणाला जे नाव आहे त्याचा अर्थ विरोध सुटणे. बाळंत झालेल्या बाईची सुटका झाली, ती मोकळी झाली, असे म्हणणाऱ्या भाषेत हा शब्द परका वाटायचे कारण नाही. सगळ्या प्रकरणात निर्णायक गोष्ट एका अंगठ्याची संवेदना आहे. पुस्तकाला ती फक्त दुरून सांगता येते.

आणि दुसरी निर्णायक गोष्ट बाईचे बोलणे. सुई तिच्या पाठीमागे आहे, तिला ती कधीच दिसत नाही. पण पायात करंट गेल्यासारखे झाले असे ती म्हणाली की हात थांबतो. नळी गेल्यावर औषधाचा थोडा पहिला डोस देऊन विचारतात : कानात आवाज येतो का, तोंडाला धातूची चव, पाय एकदम जड? हो म्हणाली तर नळी शिरेत किंवा पिशवीत गेल्याची शंका. बर्फाचा तुकडा लावून विचारतात, गार कुठपर्यंत लागते? क्लोरोफॉर्मला तिचे बेशुद्ध असणे लागे, फ्रायबुर्गच्या झोपेला तिचे विसरणे. ही पद्धत तिने शुद्धीत राहून सांगत राहिल्याशिवाय नीट चालतच नाही. मेग्जचा बाजूला ठेवलेला मुद्दा इथे कामाला येतो : वेदना कमी झाली आणि साक्ष शाबूत राहिली.

हे सारे निर्दोष आहे असे नाही. रक्तदाब उतरतो, अंग खाजते, थंडी वाजते, कधी एकच बाजू बधिर होते आणि सगळे पुन्हा करावे लागते. सिझेरियन वाढते हा लोकप्रिय समज मात्र २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात टिकला नाही. चिमटा वा व्हॅक्यूम लागण्याचे प्रमाण एकूण चाचण्यांत वाढलेले दिसले, पण २००५ नंतरच्या, कमी मात्रेच्या काळातल्या चाचण्या वेगळ्या काढल्या की तो फरक उरत नाही. म्हणून रुग्णालयांच्या फलकावरचा 'वेदनारहित प्रसूती' हा शब्द मला खटकतो. त्यात जाहिरात आहे. सुई टोचेपर्यंतच्या कळा, ओढ, दाब, नंतरचे टाके यांतले काही तो मोजत नाही, आणि ज्या बाईला तरीही दुखले तिला पुन्हा खोटी ठरवतो.

त्या पहाटे आमच्यापुढे आलेल्या संमतिपत्राचे मराठी याहून वाईट होते. 'दृढावरण', 'अनुषंगिक गुंतागुंत', 'बधिरीकरणाची अपुरी व्याप्ती' असले शब्द कळांच्या मधल्या दोन मिनिटांत वाचायला दिलेले. सवयीने माझा हात पेनाकडे गेला. नंतर घरी मी तेच वाक्य लिहून पाहिले : शंभरातल्या एखादीच्या बाबतीत सुई एक पडदा पुढे जाते, मग काही दिवस उठून बसले की डोके दुखते, त्यावर उपाय आहे. वाचायला दहा सेकंद लागतात. असा कागद सातव्या महिन्यात हातात पडायला काय हरकत आहे?

अर्थात कागदाआधी माणूस हवा. मी बाळंत झाले तसल्या गावांत भूलतज्ज्ञ बोलावला जातो तो सिझेरियनपुरता. एपिड्युरलला लक्ष ठेवणारे कुणीतरी तासन्‌तास जवळ लागते. तिथल्या बाईला निवड करायची वेळच येत नाही. तिच्या वाट्याला आजही माझ्या आईचे वाक्य येते.

मुलीला पलंगाच्या कडेला बसवले. तिचे कपाळ माझ्या खांद्यावर होते, त्यामुळे मला सुई दिसत नव्हती, भूलतज्ज्ञ बाईंचा चेहरा दिसत होता. तिशीच्या असतील. त्या म्हणाल्या, "कळ आली की सांगा, मी थांबते. गेली की सांगा." मुलीने दोनदा सांगितले, त्या दोनदा थांबल्या. मग म्हणाल्या, "आता एक मिनिट कळ काढा ताई, अजिबात हलू नका." तेच शब्द. पण यांच्या कळ काढण्याला मुदत होती, एक मिनिट, आणि त्या मिनिटानंतर काय होणार तेही सांगितलेले होते. मध्येच मुलगी म्हणाली, "डावा पाय झिणझिणला." बाईंचा चेहरा बदलला नाही, त्यांनी काहीतरी मागे घेतले, पुन्हा विचारले, पुन्हा पुढे गेल्या.

वीसेक मिनिटांनी मॉनिटरवरची रेघ चढली. मी सवयीने तिचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, "कळ आलेली कळतेय गं. दुखत नाहीये." थोडा वेळ गेला आणि तिने विचारले, "तुझ्या वेळी किती दुखलं होतं?"

सत्तावीस वर्षांत हे मला कुणी विचारले नव्हते. मी सांगू लागले. बाळ व्हायला अजून तीन तास होते.